व्याध, सुहैल आणि बीजेची कोर



आज रविवार, १५ फेब्रुवारी २०२६. महाशिवरात्र. आज रात्री कितीतरी घरांतून आणि देवळांतून जागरण चालेल, भजने होतील, पोथी वाचली जाईल. जागरणाला बसणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. साडेआठच्या सुमारास दहा मिनिटे उठून मोकळ्या अंगणात या. ज्या कथेसाठी ही रात्र जागवायची, ती सगळी कथा तेव्हा आपल्या डोक्यावर मांडून ठेवलेली असते.

ती कथा मी लहानपणी शेजारच्या काकूंच्या ओसरीवर ऐकली. शिवलीलामृताचा दुसरा अध्याय. पाणवठ्याकाठच्या बेलाच्या झाडावर शिकारी दबा धरून बसलेला, हरिणी येते, घरी पाडसे आहेत, त्यांना भेटून येते म्हणते. शिकारी सोडतो. आणि ती खरोखरच परत येते. जीव जाणार हे ठाऊक असून दिलेल्या शब्दासाठी परत येते. काकू इथे हटकून थांबायच्या आणि चष्मा पुसायच्या. पुढे शंकर प्रसन्न होतात आणि हरणाला व शिकाऱ्याला आकाशात जागा देतात. हरणाचे झाले मृग नक्षत्र, शिकाऱ्याचा झाला व्याध.

मी कवी माणूस. बी.ए.ला विषय मराठी होता, गणिताशी माझे कधीच पटले नाही. तेव्हा खगोलशास्त्राच्या अपेक्षेने कुणी कान देऊन बसले असेल तर त्यांनी आताच क्षमा करावी. आकाश ओळखायला मी शिकलो तो नावांच्या मागे लागून. ताऱ्यांना कुणी, काय म्हणून हाक मारली, एवढाच माझा अभ्यास.

तर मृग. दक्षिणेकडे तोंड करून मान वर करा. डोक्याच्या थोडे अलीकडे चार ठळक तारे एका उभ्या चौकोनात दिसतील आणि चौकोनाच्या पोटात तीन तारे एका रेषेत. ते तीन तारे म्हणजे हरणाला लागलेला बाण. शास्त्री लोक त्याला त्रिकांड म्हणतात, आमच्या गावाकडे नुसते ‘तिकांडं’. ही रेषा डावीकडे खाली वाढवत नेली की ती थेट व्याधावर जाते. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा, त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. तीच रेषा उजवीकडे वर वाढवली की आधी तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा घोस.

इथे एक गंमत सांगायला हवी. शेतकऱ्याच्या तोंडी मृग म्हणजे जूनचा पहिला आठवडा, पेरणीचे दिवस. पण त्या दिवसांत मृग नक्षत्र आकाशात शोधायला गेलात तर सापडायचे नाही. कारण मृग लागला याचा अर्थ सूर्य मृगात आला. सूर्याच्या उजेडात तारे कुठले दिसणार? पाऊस देणारा मृग अदृश्य असतो आणि दिसणारा मृग हिवाळ्यात येतो, तेव्हा रानात ज्वारी उभी असते. माझे एक शेतकरी मित्र हे ऐकून म्हणाले, “म्हंजी हप्ता देतो जूनला आन् तोंड दाखवतो डिसेंबरला. ह्यो तर सावकारापेक्षा बरा.”

मृगाचा डावा वरचा तारा लालसर आहे. मराठी पुस्तकांत त्याला काक्षी म्हणतात. उजव्या खालच्या निळसर पांढऱ्या ताऱ्याला राजन्य. शाळेतली मुले मात्र इंग्रजी पुस्तकातून त्यांची नावे शिकतात, बेटलज्यूज आणि रायजेल. ही दोन्ही नावे मुळात इंग्रजी नाहीत, अरबी आहेत. ‘यद-अल-जौझा’, म्हणजे जौझा नावाच्या आकृतीचा हात. लॅटिनमध्ये नकलून घेताना कुणा लेखनिकाने एक नुक्ता कमी वाचला, ‘य’चा ‘ब’ झाला आणि हाताचे बेटलज्यूज झाले. रायजेल म्हणजे ‘रिज्ल’, पाय. एका टिंबाने केवढा घोटाळा होतो ते आम्हा कवींना मुद्रितशोधकांमुळे चांगले माहीत आहे.

हा काक्षी २०१९च्या अखेरीला आणि २०२०च्या सुरुवातीला एकदम मंद झाला होता. आता तो फुटणार अशा बातम्या आल्या. नंतर कळले, त्याच्यातून निघालेल्या वायूची धूळ होऊन तिचा पडदा मध्ये आला होता. आता तो आपल्या जागी नीट उभा आहे. फुटेल तो कधीतरी, पण त्यासाठी आजच जागरण करायचे कारण नाही.

रोहिणीचे अरबी नाव ‘अद-दबरान’, पाठोपाठ येणारी. कुणाच्या पाठोपाठ? कृत्तिकांच्या. आकाशात कृत्तिका पुढे उगवतात आणि रोहिणी मागून येते, हे वाळवंटात उंट हाकणाऱ्यांनीही पाहिले आणि इकडे पंचांग करणाऱ्यांनीही. आपण चंद्राच्या वाटेवर सत्तावीस नक्षत्रे मोजली, अभिजित धरले तर अठ्ठावीस. अरबांनीही चंद्राचे अठ्ठावीस मुक्काम मोजले. त्या मुक्कामाला ते म्हणतात मंझिल. आणि हाच शब्द मराठीत आला तेव्हा त्याचे झाले ‘मजल’. मजल दरमजल करीत सैन्य निघाले असे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो ना, तीच ही मजल. अल-बिरूनी अकराव्या शतकात हिंदुस्थानावरचे पुस्तक लिहायला बसला तेव्हा त्याने संस्कृतची खटपट केली आणि या नक्षत्रांची नावे आपल्या लोकांसाठी टिपून ठेवली. त्याआधी, इसवी सन ९६४च्या सुमारास, अब्दुर्रहमान अस-सूफी याने इराणात स्थिर ताऱ्यांचा चित्रमय ग्रंथ केला. देवयानी नक्षत्रातला तो धूसर ठिपका, जी आपल्या शेजारची दीर्घिका आहे, त्याची पहिली लेखी नोंद त्याच ग्रंथात सापडते. त्याने तिला छोटा ढग म्हटले आहे. दुर्बिणीचा शोध तेव्हा साडेसहाशे वर्षे दूर होता.

पण नावे ग्रंथात राहिली असती तर मला त्यांचे एवढे वेड लागले नसते. ती आमच्या घरात राहायला आली होती. कृत्तिकांना अरबीत सुरैया म्हणतात आणि फारसीत परवीन. माझ्या एका आत्याचे नाव सुरैया, मावशीचे परवीन. म्हणजे आमच्याकडे दोन्ही बाजूंनी कृत्तिकाच. माझ्या वर्गात रोहिणी होती, रेवती होती, चित्रा होती, दोन अनुराधा होत्या. झोहरा म्हणजे शुक्र. मुश्तरी म्हणजे गुरू. हजेरीपट हातात घेतला की गुरुजींना अर्धे आकाश वाचावे लागे, फक्त ते त्यांच्या लक्षात येत नव्हते.

आणि सोहेल. गल्लोगल्ली क्रिकेट खेळणारा हा सोहेल कोण आहे, हे त्याच्या आईबापालाही बहुधा माहीत नसते. ते बघायला या आठवड्यात रात्री साडेनऊला दक्षिणेचे क्षितिज मोकळे असलेली जागा शोधा. व्याधापासून सरळ खाली या. क्षितिजापासून वीतभर उंचीवर एक तेजस्वी, एकटा तारा दिसेल. तेजात व्याधाच्या खालोखाल याचाच क्रमांक. हा अगस्ती. अरबीत सुहैल. मुंबई-पुण्याहून तो असा वीतभर वर येतो, दिल्लीत त्याच्या निम्माच चढतो आणि लंडनच्या माणसाला तो जन्मात दिसत नाही. आपल्या दक्षिणेकडच्या लोकांचे हे भाग्य.

आपल्याकडे समजूत अशी की अगस्तीचा उदय झाला की पावसाळा ओसरतो आणि नद्यांचे गढूळ पाणी निवळते. समुद्र प्यायलेला ऋषी तो, पाण्यावर त्याचा अधिकार असणारच. अरबस्तानात पाऊस नाही, तिथे सुहैल पहाटे दिसू लागला की उन्हाळ्याची तलखी मोडली असे समजतात आणि लोक आजही त्याची वाट पाहतात. एकाला पाणी निवळायला हवे, दुसऱ्याला हवा निवायला हवी. तारा एकच.

आता ग्रहांकडे वळू. रात्री डोके वर केले की पूर्वेकडून चढत आलेला, व्याधापेक्षाही ठळक आणि न लुकलुकणारा जो दिवा दिसतो तो गुरू. सध्या तो मिथुन राशीत, पुनर्वसूच्या जोडताऱ्यांच्या शेजारी आहे. त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात. शेजारच्या जोडीतल्या एका ताऱ्याचा, इंग्रजीत ज्याला कॅस्टर म्हणतात त्याचा, प्रकाश निघून एकावन्न-बावन्न वर्षे झाली आहेत. हा आकडा मला फार जवळचा वाटतो. माझ्या बाळपणी तिकडून निघालेला उजेड आज माझ्या चष्म्यावर येऊन पोचतो आहे. साधी द्विनेत्री असेल तर हात भिंतीला टेकवून गुरूकडे बघा, त्याचे चंद्र बारीक टिपक्यांसारखे एका ओळीत दिसतील. मंगळ मात्र या आठवड्यात सूर्याच्या उजेडात हरवलेला आहे, त्याला शोधू नका.

परवा मंगळवारी, १७ तारखेला अमावास्या. त्या दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहण आहे, पण ते अंटार्क्टिकाच्या बाजूला. आपल्याकडे दिसणार नाही, तेव्हा कुणी घरातले पाणी ओतून देऊ नये.

आणि बुधवार, १८ तारीख. या आठवड्याचा खरा दिवस हा.

पंचांगात त्या दिवशी फाल्गुन शुद्ध प्रतिपदा आहे, संध्याकाळी पाचच्या आतच द्वितीया लागते. आमच्या हिशेबाने ती शाबान महिन्याची एकोणतीस तारीख. एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद दिसला तर दुसऱ्या दिवसापासून रमजान, नाही दिसला तर तीस पूर्ण करायचे. अमावास्येचा क्षण उलटून तेव्हा पंचवीसेक तास झालेले असतील. चंद्राच्या शंभर भागांपैकी जेमतेम एका भागावर उजेड. मुंबईत सूर्य साडेसहा-पावणेसातच्या दरम्यान बुडतो, नागपुरात त्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी. सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटे थांबा. पश्चिमेला जिथे सूर्य गेला त्याच्या सरळ वर बघत या. सर्वांत खाली, तांबड्या उजेडात बुडत असलेला शुक्र. त्याच्या किंचित वर नखाच्या कडेएवढी कोर. तिच्या वर बुध. आणखी वर शनी. एका काठीला बांधल्यासारखे चौघे. बुध एरवी सहसा हाती लागत नाही, पण या दिवसांत तो सूर्यापासून जास्तीत जास्त दूर गेलेला आहे. आयुष्यात बुध पाहिला नसेल तर ही संधी सोडू नका. घाई मात्र करावी लागेल, पाऊण तासात कोर क्षितिजाखाली जाते. द्विनेत्री लावायची असेल तर सूर्य पूर्ण बुडाल्याची खात्री करूनच लावा, डोळ्यांचा प्रश्न आहे.

आमच्या घरी हे काम दादीचे असे. नमाज झाली की ती जिना चढून माळवदावर येई. गुडघे दुखत, पण कुणाच्या सांगण्यावर तिचा भरवसा नव्हता. खालून अम्मी ओरडायची, “चांद दिख्या क्या?” वरून उत्तर नसे. दादी हाताचा आडोसा करून उभी. पलीकडच्या गच्चीवर काकू पंचांग पाहून आलेल्या असत. त्या म्हणायच्या, “दादी, आज बीज लागलीय, दिसणारच. त्या बाभळीच्या शेंड्यावर बघा.” आणि बऱ्याचदा कोर पहिल्यांदा दिसायची ती काकूंना. त्यांचे डोळे तरुण होते. मग दादी दोन्ही हात उचलून दुआ मागायची आणि काकू पदराच्या सुताचा एक धागा काढून चंद्राला वाहायच्या, बिजेच्या चंद्राला वाहतात तसा. दोघींना एकमेकींच्या कृतीचे नवल वाटताना मी पाहिलेले नाही.

दादी आता नाही. माळवद गेले, तिथे स्लॅब आला. समोरच्या चौकात उंच खांबावर दिव्यांचा झुंबडा लागला, त्याच्या पांढऱ्या उजेडात पश्चिमेचे आकाश दुधाळ दिसते. गेल्या काही वर्षांत मुले गच्चीवर येतच नाहीत. “मोबाइलवर येईल की,” म्हणतात, आणि येतेही. कुठल्या शहरात दिसला, कोणत्या कमिटीने जाहीर केले, सगळे दोन मिनिटांत कळते. गणिताने तर पुढच्या पन्नास वर्षांचे चांद आजच सांगता येतात. मी स्वतः तुम्हाला आता तेच सांगितले. तरीही, दिसेल हे माहीत असलेली गोष्ट दिसली की जो श्वास सुटतो, तो मोबाइलवर सुटत नाही. गणिताला माझा विरोध नाही. बघायचे कामही गणितावर सोडू नये, एवढेच म्हणतो.

आणखी एक बदल झाला आहे. “चांद दिसला का?” असे पूर्वी विचारायचे. आता बाजारात, ऑफिसात कुणी विचारते, “तुमचा चांद दिसला का?” विचारणारा प्रेमाने विचारतो, शिरखुर्म्याचे निमंत्रण पक्के करायला विचारतो, मला कळते. तरी ते ‘तुमचा’ कानाला खुपते. तसेच संमेलनांत कुणी पाठ थोपटून म्हणतात, “तुमचे मराठी किती छान आहे हो!” मी म्हणतो, “तुमचेही वाईट नाही.” ते हसतात. मीही हसतो. मग बराच वेळ माझे कवितेत लक्ष लागत नाही.

जुन्या मोडी कागदांवर तारीख कशी घालत ते पाहिले आहे का? मराठ्यांच्या पत्रांत अरबी महिन्याचे नाव आणि त्याच्या आधी ‘छ’ हे अक्षर. छ ५ सफर, छ १२ रज्जब. तो ‘छ’ म्हणजे चंद्र. अमुक चंद्र, म्हणजे अमुक तिथी. आणि साल घालत ते सुहूर सन, आकडे अरबी शब्दांत. त्यात पाचशे नव्याण्णव किंवा सहाशे मिळवले की इसवी सन येतो. या अरबी सालाचा पहिला दिवस कोणता? सूर्य मृगात जातो तो. म्हणून त्याला मृगसाल असेही नाव होते. पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून अरबी शब्दांत साल लिहायचा आणि ते साल रोहिणी संपून मृग लागला की बदलायचे. त्याला यात काही विशेष वाटत असेल असे त्याच्या वळणदार अक्षरावरून तरी दिसत नाही.

गुरुवारी, १९ तारखेला शिवजयंती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा आहे, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली. वाढत जाणाऱ्या कीर्तीसाठी पूर्ण चंद्र न घेता ही दिसेल-न-दिसेल अशी कोर ज्याला सुचली, तो कवी कोण होता कोण जाणे, मला त्याचा हेवा वाटतो. त्या संध्याकाळी ती कोर थोडी जाड होऊन शनीच्या खाली आलेली असेल आणि शुक्रवारी शनीच्या वर. मिरवणुकीतून परतताना पश्चिमेकडे एकदा बघा. शनीची कडी दुर्बिणीतून अजून पातळ दिसते. २०२५च्या मार्चमध्ये ती आपल्याला अगदी धारेवर आली होती, आता हळूहळू उघडते आहे. हीच कोर वाढत जाऊन फाल्गुन पौर्णिमेला, ३ मार्चला, पृथ्वीच्या सावलीत शिरणार आहे. विदर्भात चंद्र ग्रहणातच उगवताना दिसेल, मुंबईकरांच्या वाट्याला अगदी शेवटचा घास.

अंधार हवा असेल तर गावाबाहेर पडावे लागते, हे खरे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, देशातले असे ते पहिलेच उद्यान. वाघांसाठी राखलेल्या रानात ताऱ्यांनाही आसरा मिळाला. पण आजच्या यादीतले बहुतेक सगळे शहराच्या गच्चीवरूनही दिसते. दिव्याकडे पाठ करा, मोबाइल खिशात ठेवा आणि डोळ्यांना पंधरा मिनिटे द्या.

आणि चांद दिसलाच, तर गुरुवारपासून सेहरीसाठी घराघरांत पहाटे दिवे लागतील. पाच वाजता उठणाऱ्यांना एक वेगळेच आकाश फुकट मिळते. मृग तेव्हा मावळून गेलेला असतो. डोक्यावर केशरी स्वाती, तिच्या दक्षिणेला पांढरी चित्रा, आग्नेयेला अख्खा विंचू नांगी वर करून, त्याच्या छातीत लाल ज्येष्ठा. ईशान्येला अभिजित. आपल्याला मे-जूनच्या संध्याकाळी दिसायचे ते आकाश या लोकांना आत्ताच दिसते. त्या वेळी रस्त्यावर दूधवाला असतो, पेपरचे गठ्ठे सायकलला बांधणारी मुले असतात, पहिल्या एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर असतात. आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला पातेले चढवता चढवता मला विचारतो, “साहेब, ती लाल कुठली?” गेल्या रमजानात त्याला ज्येष्ठा सांगितली होती. यंदा बघू, त्याच्या लक्षात आहे का.